तीन घरांची विहीर

ताई, तू जाऊन महिना उलटला तरी तुझ्या घरची ये-जा थांबलेली नाही. येणारा प्रत्येक जण दारात बूट काढता काढता मला एकच विचारतो, विहिरीचं काय झालं? रडतात गं, तुझं नाव काढून रडतातसुद्धा, पण आधी विहीर. टोरंटोच्या ह्या स्कारबरोत बसून समुद्रापलीकडच्या एका बुजवलेल्या विहिरीचा घोर लागलेली ही एवढी माणसं तू जमवून ठेवलीस, आणि स्वतः मात्र झोपेतल्या झोपेत निघून गेलीस. अशी कशी गं तू?

तुझी शाळा, तुझी नोकरी, कोणत्या साली कुठे आलीस, ते सगळं देवळाच्या हॉलमध्ये सांगून झालं. मी तिथे गप्प बसले होते. मला आठवत होतं ते आपल्या नागपूरच्या घरातलं, तू भावजींना पहिल्यांदा जेवायला आणलंस तो दिवस. इंजिनिअरिंगला आलेला लंकेचा तमिळ मुलगा. बाबांनी तोंड शिवून घेतलं होतं. आजी मात्र सरळ म्हणाली, "एक सीता नेली ते पुरलं नाही काय रे तुम्हाला?" आणि त्या माणसाने, मराठी जेमतेम येत असताना, ताटातला गोळाभात संपवत उत्तर दिलं, "मी नेत नाही आजी. हीच मला नेते." आजी त्या क्षणाला फितूर झाली. लग्नात सगळ्यात जास्त नाचली तीच.

खरंच होतं ते. तूच नेलंस त्यांना. आधी टोरंटोला आणि मग, ते गेल्यावर, त्यांच्याच गावाला परत. ते हयात असताना जिथे जायला तयार नव्हते, तिथे ते गेल्यावर तू त्यांना घेऊन गेलीस.

विहिरीचं मला पहिल्यांदा कळलं ते तुझ्या किचनमध्ये. तू आईने दिलेल्या चकलीच्या सोऱ्यातून इडियाप्पम, म्हणजे तांदळाच्या शेवया, पाडत होतीस. आईला कळलं असतं तर तिने सोऱ्या परत मागवला असता. तू सांगत होतीस, तिकडे गावात एका घराची विहीर नसते, वाट्याची असते. यांची विहीर तीन घरांची. यांचं घर, मास्तरांचं घर, आणि पलीकडचं मुसलमानांचं. मध्ये विहीर आणि तिन्ही बाजूंना कांद्याची, तंबाखूची, वाफे पाडलेली जमीन. पाण्याची पाळी ठरलेली. ज्याची पाळी त्याचं पाणी, आणि कुणी आजारी असलं तर शेजाऱ्याने त्याचे वाफे भिजवायचे. त्यात उपकार वगैरे काही नाही. वाटा मुलीला हुंड्यात जातो, म्हणून विहीर बायकांच्या नावावर फिरते. वर्षातून एकदा पावसाआधी विहीर उपसायची, तेव्हा तिन्ही घरांचे हात दोरीला लागलेच पाहिजेत. एक घर जरी नसलं, तरी विहिरीत माणूस उतरवायचा नाही. भांडण असलं तरी त्या दिवशी यायचं, दोरी धरायची, उपसून झालं की पुन्हा भांडायचं.

"किती छान ना?" तू म्हणालीस.

एवढ्यात भावजी उठले आणि खाली बेसमेंटमध्ये निघून गेले. ताट तसंच. तू माझ्याकडे बघून खांदे उडवलेस. विहिरीचं नाव निघालं की ते नेहमी असेच उठून जायचे. घराबद्दल बोलायचे, शाळेबद्दल, ताडाच्या झाडांबद्दल, धाकट्या भावाबद्दलही बोलायचे. तो भाऊ 'पोरां'त गेला. तुम्ही बंदूकवाल्यांना पोरंच म्हणायचात, जशी काही गल्लीत क्रिकेट खेळत होती. पुढे युद्धात तो मेला, आणि त्याच्याबद्दल बोलताना भावजींचा आवाज कधी हलायचा नाही. हलायचा तो विहिरीला. तेव्हाच आपल्याला कळायला हवं होतं गं. पण तुला वाटलं, दुःख आहे. मला वाटलं, जेवण तिखट झालंय.

मग ती मुसलमानांच्या घराची गोष्ट. भावजी तेव्हा इकडे आलेले होते, गावात त्यांचे वडील आणि धाकटा भाऊ. एका दिवशी पोरांनी भोंग्यावरून सांगितलं की मुसलमानांनी गाव सोडायचं, आत्ता, नेसत्या वस्त्रानिशी. काही तासांत पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती रिकामी झाली. पुढे लष्कर आलं, तेही गेलं नाही. गाव कधी यांच्या हातात, कधी त्यांच्या. शेवटी युद्ध संपलं, असं जगाला सांगण्यात आलं. घर लष्कराच्या तारेआड होतं, ते त्यांनी बऱ्याच वर्षांनी सोडलं. तोवर भावजी गेले होते, आणि किल्ली घ्यायला तू गेलीस. आपल्या नागपूरची पोट्टी, लुंगीवाल्या अधिकाऱ्यांच्या ऑफिसात तमिळमधून भांडत होतीस.

परत आलीस तेव्हा फोनमधले फोटो दाखवलेस. मी म्हटलं, "अवं बाई, रस्ता तर काय गुळगुळीत आहे! आपल्या वर्धा रोडला लाजवेल."

"रस्ता सरकारने केला," तू म्हणालीस. "तीन भाषांत पाट्या लावल्यात. पूल केला. रंग दिला. आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूची माणसं एकमेकांकडे बघत नाहीत. असा देश जोडतात होय?"

"मग कसा जोडतात?"

"तीन घरांपासून."

मी हसले होते. तुला शाळामास्तरीण म्हणाले होते. पण तू थट्टा करत नव्हतीस. तुला खरंच ती विहीर उपसायची होती. तिन्ही घरांचे हात दोरीला लावायचे होते, आणि मुसलमानांच्या घराला त्यांची पाळी परत द्यायची होती. म्हणजे ते घर आधी शोधायला हवं होतं.

आणि तू शोधलंस! तेही कुठे? इथे, आपल्या नेहमीच्या प्लाझातल्या ग्रोसरीत, मुरुंगक्कायच्या, म्हणजे आपल्या शेवग्याच्या ढिगाशी. एक डोक्यावरून पदर घेतलेली बाई दुकानदाराला सांगत होती की ह्या शेंगा काही शेंगा नव्हेत, आमच्या गावाला यायच्या त्या शेंगा. आणि तिने गावाचं नाव घेतलं. तू म्हणे ट्रॉली तिथेच सोडलीस आणि तिचा हात धरलास. रहीमाअक्का. मुलाने बोलावून घेतलेली, टॉवरमध्ये राहणारी, लिफ्टला घाबरणारी. ती कोणाची मुलगी हे कळल्यावर तू तिला मिठी मारलीस. ती मात्र, तूच सांगितलंस मला, बराच वेळ तशीच ताठ उभी होती.

त्यानंतर दर शुक्रवारी ती तुझ्याकडे. तिला तुझं वरण आवडायचं. तुम्ही दोघी तमिळमध्ये कुजबुजायचात, आणि मी विचारलं की तू म्हणायचीस, "काही नाही गं, शेंगांचं." तिने वाटेकरी म्हणून होकार दिला तेव्हा तू मला ऑफिसात फोन केलास. मी नॉर्थ यॉर्कला मीटिंगमध्ये होते. तू फोनवर रडत होतीस. "ती हो म्हणाली छोटी! विचारायचा अवकाश, लगेच हो म्हणाली!"

मला तेव्हाच खटकलं होतं. ज्या माणसांना नेसत्या वस्त्रानिशी हाकललं, ती एवढ्या पटकन हो कशी म्हणतील? आपल्याकडे बांधावरून चुलतभाऊ तीन पिढ्या बोलत नाहीत. पण तुझा आनंद बघून मी तोंड आवरलं.

आपलं भांडण झालं ते तुझ्या ड्राइव्हवेत, बर्फ शोव्हल करताना. आठवतंय? मी म्हटलं, ताई, युद्ध झालेल्या गावात बुजलेली विहीर उपसायची नसते. तिथे काय निघेल सांगता येत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. तू फावडं खाली टेकवलंस.

"आणि मूठ उघडल्याशिवाय हात कसा मिळवायचा दुसऱ्याशी?"

"ते भाषणात बोल. तुझ्या पोरीचा, मैथिलीचा विचार कर. वाटा उद्या तिच्याकडे जाणार. हे लफडं तिच्या गळ्यात कशाला?"

"लफडं? तिच्या बापाचं गाव आहे ते."

"बाप स्वतः गेला नाही!"

 गाडीच्या मागची सगळी जागा एकटीने साफ केलीस, मला फावडं लावू दिलं नाहीस, आणि आत जाऊन माझ्यासाठी आल्याचा चहा टाकलास. आपल्या घरात माफी अशीच मागतात. पण भांडण मिटलं नाही. ते अजून तिथेच आहे.

कम्युनिटी हॉलमधली सभा तर मी जन्मात विसरणार नाही. तू उभी राहिलीस आणि म्हणालीस की नुकसान झालं म्हणून रडणं पुरे, आपण कुणाचं केलं तेही बोलूया, घालवून दिलेल्या शेजाऱ्यांना आपणच बोलावलं पाहिजे.  मग पुढच्या रांगेतले एक गृहस्थ, चांगला सूट घातलेले, अगदी शांतपणे म्हणाले, "अम्मा, तुम्ही मराठी. तुमचं इथे काही गेलं नाही. तुमच्या देशाचं लष्करही आमच्याकडे येऊन गेलंय, त्याबद्दल आम्ही तुम्हाला कधी विचारलं का?" तू म्हणालीस, "विचारा ना." कुणी विचारलं नाही. बाहेर पडताना लोक आपल्याला वाट करून देत होते, ती जरा जास्तच रुंद होती. मी गाडीत बसल्यावर दारं लॉक केली. तू हसलीस मला. "भैताडच आहेस. स्कारबरो आहे हे."

मग ह्या वर्षीची तुझी ती शेवटची फेरी.

तुला घ्यायला मी एअरपोर्टला आले तेव्हा तू मला ओळखल्यासारखं केलं नाहीस. गाडीत बसलीस, पट्टा लावला, आणि घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिलीस. तुझं तोंड बंद राहणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. आई गेली तेव्हासुद्धा तू बोलत होतीस. घरी आल्यावर बॅग न उघडता किचनच्या टेबलाशी बसलीस.

"छोटी, थांबूया. यंदा नको उपसायला."

मला आनंदच व्हायला हवा होता. मी जिंकले होते ना भांडण! पण मी तुझ्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"काहून? काय झालं?"

"दगड मोठे आहेत."

"मग मशीन लावा. त्यात काय?"

तू माझ्याकडे बघितलंस. "मला वाटायचं, विहीर लष्कराने बुजवली. लष्कराने बुजवली असती तर वर विटा, सिमेंट, पत्रे असते. तसं नाही. कुंपणाचे दगड आहेत. आपल्या कुंपणाचे. आपल्या बाजूचं कुंपणच नाहीये तिथे, बाकी दोन्ही घरांचं शाबूत आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. मला थोडं झोपू दे."

एवढंच. त्यानंतर तू एकदा रहीमाअक्काकडे गेलीस, तिच्या टॉवरवर, एकटी. परत येऊन दोन दिवस फोन उचलला नाहीस. मी चिडून निरोप ठेवला की तुझे नखरे पुरे झाले, शनिवारी मी येतेय आणि तू मला सगळं सांगायचंस. तू उलट मेसेज केलास, ये, पाटोडीची भाजी करते. शनिवारी मी आले तेव्हा दार मैथिलीने उघडलं. आत तुझ्या खोलीत अँब्युलन्सवाले होते, आणि त्यांना कसलीच घाई नव्हती.

सांग ना आता. सांग! ओट्यावर बेसन काढून ठेवलं होतंस तू.

आपल्याकडचा तेरावा केला, तुमच्याकडचा एकतिसावाही केला. भटजी एकमेकांच्या पद्धतीला नाकं मुरडत होते, तू असतीस तर पोट धरून हसली असतीस. त्या एकतिसाव्याला, पंगत उठत असताना, एक अनोळखी माणूस माझ्याशेजारी येऊन हात धुवायला लागला. फार अदबशीर. मला म्हणाला, तुमच्या बहिणीचं मन मोठं होतं. मी आभार मानले. त्याने रुमालाने एकेक बोट पुसलं आणि म्हणाला, "मुलगी जाणार आहे म्हणतात तिकडे. तरुण आहे. तिला सांगा, देश आत्ता कुठे झोपी गेलाय. झोपलेल्याला उठवू नये." मी मागे वळून कुणाला तरी हाक मारली, तेवढ्यात तो गेला. विचारलं तर कुणालाच तो कोण ते माहीत नव्हतं. निदान, तसं मला सांगितलं. मग फोन सुरू झाले. मैथिलीला. नंबर दिसत नाही, आवाज गोड, तमिळ चोख. कधी येताय? कोणत्या फ्लाइटने? कोण न्यायला येणार? बस, एवढंच विचारतात.

आणि तुझी मुलगी! तुझीच आहे. तिने तिकीट काढलं. शुक्रवारचं.

"मावशी, धिस वॉज आईज् लाइफ," ती म्हणाली. "तिघांपैकी दोघं रेडी आहेत. मास्तर अंकलचा मुलगा पॅरिसहून येतोय. अक्का येतेय. आता माझा हात नसला तर दे कान्ट ईव्हन ओपन इट. अँड यू वॉन्ट मी टु स्टे होम बिकॉज सम क्रीप इज कॉलिंग?"

तेव्हा मी सांगितलं तिला. आईला ते नको होतं गं, शेवटी. आईच म्हणाली थांबूया.

ताई, तिचा चेहरा. मी तिच्या हातातून तुला दुसऱ्यांदा हिसकावून घेतल्यासारखं झालं. आधी ती मला खोटारडी म्हणाली. मग म्हणाली, कधी म्हणाली आई? एग्झॅक्टली काय म्हणाली? मी दगडांचं सांगितलं, कुंपणाचं सांगितलं. ती वकिलाच्या ऑफिसात काम करते, तिला दोन आणि दोन मिळवायला वेळ लागत नाही. पण हे दोन आणि दोन तिला मिळवायचे नव्हते, मलाही नव्हते. ती म्हणाली, "आईने परत आल्यावर अक्काला काहीतरी विचारलं. लेट्स आस्क अक्का."

मी म्हटलं, नको. जाऊच नकोस, आणि विचारूही नकोस. कोण मेलं, कुणी मारलं, सगळी मातीत गेली आता. तू इथे जन्मलीस, इथे जग. खरं सांगते ताई, त्या वेळी मला तुझा देश जोडला काय नि तुटला काय, कशाचीच पर्वा नव्हती. मला फक्त ही पोरगी हवी होती, आज जशी आहे तशी, बापाचं नाव सांगताना मान वर करणारी.

तिने ऐकलं नाही. फोन केला.

रहीमाअक्का काल दुपारी आली. मुलाने दारात सोडलं. तुझ्या नेहमीच्या खुर्चीकडे एकदा बघून ती पलीकडच्या खुर्चीत बसली. मी चहा ठेवला. तिला इंग्लिश यथातथाच, मला तमिळ अजिबात नाही, म्हणून मैथिली मध्ये बसली, सांगायला. मैथिलीने विचारलं. अक्काने चहाचा कप बाजूला सरकवला.

मग ती बोलायला लागली, आणि मैथिली मला सांगत गेली. आधी नीट, ऑफिसात बोलते तशी.

"ती म्हणतेय, आईने तिला विचारलं, तुझे वडील कुठे वारले? आईला वाटायचं, दक्षिणेला, कॅम्पमध्ये. ती म्हणतेय, मी आईला कधी तसं सांगितलं नव्हतं. आईने तसं धरलं होतं आणि मी धरू दिलं."

अक्का थांबली. पुन्हा बोलली. मैथिली थांबली.

"काय म्हणतेय?" मी विचारलं.

"ती म्हणतेय... तिचे अब्बा विहिरीत आहेत."

मी कप उचलला आणि परत ठेवला. अक्का थांबतच नव्हती आता. आवाज चढवला नाही, डोळ्यांत पाणी नाही. मैथिली तिच्यामागून धावत होती, अर्धं इंग्लिश, अर्धं मराठी. अक्काच्या भावाने लांबून बघितलं होतं. मारताना नाही, बुजवताना. चार पोरं होती, कुंपणाचे दगड काढून आत टाकत होती. त्यातला एक ह्याच घरातला. मैथिलीने त्याचं नाव घेतलं नाही. "माय चित्तप्पा," म्हणाली ती. माझा धाकटा काका.

"आणि अप्पा? माझ्या अप्पांना माहीत होतं?" हे तिने अक्काला विचारलं, मग मला विचारलं, मग पुन्हा अक्काला. अक्का म्हणाली, मला ठाऊक नाही.  बेसमेंटचा जिना समोर दिसत होता.

मैथिली म्हणाली, मग तुम्ही का येत राहिलात आमच्याकडे? इतकी वर्षं. जेवायला! त्यावर अक्का पहिल्यांदा जरा हलली. ती म्हणाली, एका घराचा हात नसला तर विहीर उघडता येत नाही. माझ्या बापाला बाहेर काढायला मला तुमच्या घराचा हात हवा होता. तुझी आई ग्रोसरीत माझा हात धरून उभी राहिली, तेव्हा मला वाटलं, अल्लाने आणून दिला. मी पाण्यासाठी हो म्हणाले नव्हते. पुढे तुझी आई आवडायला लागली, त्याला माझा इलाज नव्हता.

आणि तू, ताई? तू म्हणे हे सगळं ऐकून तिच्या किचनमध्ये फरशीवर बसलीस.  मग तू म्हणालीस, मी मागे फिरत नाहीये. मला फक्त थोडा वेळ दे. पोरीला कसं सांगायचं तेवढं बघते.

तर थांबूया म्हणजे हे होतं. आणि मी ते पोरीला तुझा नकार म्हणून सांगितलं. तुला वेळ हवा होता, तोच मिळाला नाही, आणि तू जे जपून जपून सांगणार होतीस, ते तुझ्या मुलीला स्वतःच्या तोंडाने मला सांगावं लागलं. मला तुझा राग येतो. त्या शनिवारची वाट न बघता तू मला का नाही सांगितलंस? मी आले असते. बर्फातून चालत आले असते.

मी मैथिलीला म्हटलं, बस झालं, आता तिकीट रद्द कर. ती माझ्याकडे बघत होती, पण ऐकत नव्हती. ती अक्काला म्हणाली, शुक्रवारी येतेय मी. माझा हात आहे. मग मीही येते म्हणाले. वाटेकरी नाही, काही नाही, नुसती उभी राहीन. तिथे कोण न्यायला येणार, कोण कुंपणाबाहेरून बघत उभं राहणार, दगड निघायला लागल्यावर गाव काय करणार, मला काही सांगता येत नाही ताई. त्या अदबशीर माणसाला सगळं ठाऊक असेल बहुतेक. मला भीती वाटते. ती तुला सांगितल्याशिवाय मला विमानात बसवणार नाही, म्हणून हे लिहितेय.

अक्काचा मुलगा बाहेर येऊन हॉर्न देत होता. ती उठली, तेव्हा मैथिलीने शेवटचं विचारलं. सगळे निघून गेले, मग तुमचे अब्बाच का मागे राहिले? हे उत्तर मैथिलीने मला लगेच सांगितलं नाही. मी दोनदा विचारलं तेव्हा बोलली.

"ते म्हणाले, तुम्ही पुढे व्हा. आज शेजाऱ्यांची पाळी आहे. म्हातारा आजारी आहे, कांदा वाळून जाईल. पाणी देऊन येतो." ती माझ्याकडे वळली. "म्हातारा म्हणजे माझे आजोबा, मावशी. पाळी आमची होती."

रहीमाअक्का टेबलाशी उभी होती. तिला वाटलं, मला नीट कळलं नाही. तिने टेबलावर हात ठेवला, एका कडेपासून सावकाश सरकवत आणला, आणि निम्म्यावर थांबवला. इथपर्यंत शेत भिजलं होतं, तिच्या भावाने पाहिलं तेव्हा.